पुसल्याची चिठ्ठी

“सगळे उठून चालते होतात, आणि बटणांना हात लावायला उरते ती मी,” असं कुणीतरी अगदी माझ्या कानाशी पुटपुटलं. मग भिंतीवर ‘टक्’ झालं आणि माझं गरगर फिरणं मंदावत मंदावत थांबलं. हातातलं काम अजून पाऊण हिश्शाहून जास्त शिल्लक होतं.

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. कॉम्प्युटरच्या पोटात जी बसलेली असते आणि जिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, ती मी. जुनी छत्री, फाटकं दप्तर, गंजलेली सायकल यांच्या कहाण्या तुम्ही निबंधाच्या वहीत लिहिल्या असतील. ती मंडळी हळवी असतात, बोलता बोलता त्यांचा गळा दाटून येतो. माझा दाटणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो गिळून गोड बोलण्याचं माझं वय राहिलेलं नाही. तो ‘टक्’ आवाज तेवढा लक्षात ठेवा. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

माझा जन्म अशा खोलीत झाला, जिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात असायची. नाक-तोंड बांधलेलं, नुसते डोळे उघडे. एखाद्या तान्ह्या बाळाला इतकं जपत नसतील. त्यांनी माझ्या पोटात आरशासारख्या लखलखीत चकत्या बसवल्या आणि चकत्यांवर एक बारीकसा हात बसवला. हा हात चकतीला टेकत नाही, पण एका केसाच्या जाडीइतकाही लांब जात नाही. तेवढ्या फटीतून तो लिहितो आणि लिहिलेलं वाचतो. मग झाकण लागलं, स्क्रू पिळले गेले. मला उपदेश असा कुणी केला नाही, पण माझी घडणच सांगत होती की, बाई गं, देतील ते सांभाळ, एक अक्षर सांडू नकोस. मी आयुष्यभर तेच केलं. इमानेइतबारे केलं. आणि त्याचं बक्षीस काय, तर शेवटी तिघंजण माझ्याभोवती उभे राहून म्हणाले की ही डिस्कच खराब आहे.

ते पुढे येईलच.

मी ज्या कॉम्प्युटरमध्ये बसले तो एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात होता. या डॉक्टरबाई मनाच्या. खोकला, पडसं, मोडलेला हात असलं त्यांच्याकडे काही यायचं नाही. कुणाला रात्र रात्र झोप नाही, कुणाच्या मनात कसलीशी भीती घर करून बसली आहे, कुणाचं जवळचं माणूस गेलं आहे आणि रडू काही केल्या थांबत नाही, अशी माणसं यायची. दोनच खोल्या होत्या. आतल्या खोलीचं दार लागलं की बाहेर कुजबुजसुद्धा ऐकू येत नसे. बाहेरच्या खोलीत एक लांब बाक, कोपऱ्यात एक कुंडी, आणि टेबलामागे मावशी.

मावशी तशा येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्याच मावशी. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि तोच शोधत सगळं टेबल उलथंपालथं करायच्या. डॉक्टरबाई तपासणी झाली की टिपण सांगायच्या आणि मावशी दोन बोटांनी ते टाइप करायच्या. बोटं दोनच, पण एक चूक सापडायची नाही. ऐकलेलं ओठांच्या बाहेर कधी काढलं नाही. दारात शेजारीण भेटली आणि “काल ती अमकी आली होती ना गं?” असं तिने गोडीत विचारलं, तर मावशी म्हणायच्या, “कुंडीला पाणी घालायचं राहिलंय,” आणि आत निघून जायच्या. ती कुंडी जास्त पाण्याने दोनदा कुजली.

मावशींची दुसरी ख्याती म्हणजे बटणं. फार वर्षांपूर्वी एकदा पाणी तापवायची किटली चालू राहिली आणि आतल्या खोलीचा पडदा जळाला. तेव्हापासून संध्याकाळी साडेसहाला दवाखाना बंद करताना मावशी भिंतीवरचं एकूण एक बटण बंद करायच्या. दिवे आधी घालवायच्या आणि मग अंधारात भिंत चाचपत एकेक टिपायच्या, ओळीने, न बघता. डॉक्टरबाई कौतुकाने सगळ्यांना सांगायच्या की आमच्या मावशी आहेत म्हणून मी घरी निर्धास्त झोपते. खरंच होतं ते.

एके दिवशी मावशी एका मुलीला हाताला धरून घेऊन आल्या. मुलगी म्हणजे तशी बाईमाणूसच, पण त्या दिवशी ती हाताला धरून आणावी लागली. ती मावशींची सख्खी भाची. तिची आई, म्हणजे मावशींची मोठी बहीण, महिन्याभरापूर्वी गेली होती. भाची एका पाववाल्याची गाडी चालवायची. पहाटे पाव पोचवायचे, दुपारपर्यंत मोकळी. आई गेल्यापासून चाकावर हात ठेवला की हात थरथर कापायचे. तिने आपणहून गाडीची किल्ली पाववाल्याच्या हातात ठेवली आणि सांगितलं की मी बरी झाले तर परत मागीन. शहाणी मुलगी. किती मोठ्या माणसांना हे जमत नाही.

तिचं पहिलं टिपण मावशींनीच टाइप केलं. ‘झोप नाही. हात कापतात. वाहन चालवण्याची भीती वाटते. एकटीला सोडू नये.’ चार ओळी लिहायला त्यांना अर्धा तास लागला, आणि मधे दोनदा कळफलक पदराने पुसावा लागला. ते टिपण मी माझ्या चकतीवर आतल्या बाजूला ठेवलं, जिथे सगळ्या तपासण्या असायच्या.

सात महिन्यांनी शेवटचा कागद झाला. ‘पूर्ण बरी. औषध बंद. वाहन चालवण्यास कोणतीही हरकत नाही.’ मावशींनी तो टाइप केला, मोठ्याने वाचला, परत वाचला. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या की मावशी, पाठ झालं असेल आता. हा कागद दाखल्यांमध्ये गेला. दाखले मी बाहेरच्या कडेला ठेवत असे. म्हणजे दोन्ही कागद माझ्याचकडे होते, पण एक आत आणि एक कडेला. ही एवढीशी गोष्ट पुढे किती महागात पडणार आहे ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि कुणाला सांगायला मला तोंडही नव्हतं.

भाची पुढे एका शाळेची बस चालवू लागली. मुलं तिला बसताई म्हणू लागली. पाच वर्षं झाली, बसला एक ओरखडा नाही. ती मुलांची डोकी चढताना मोजते आणि उतरताना परत मोजते. मूल फाटकाशी उतरलं की घराचं दार उघडेपर्यंत बस हलवत नाही. मागच्या गाड्या भोंगे वाजवतात. वाजवू देत, म्हणते ती, त्यांना कुठे डोकी मोजायची आहेत.

माझं वय झालं. मी हळू झाले. आधी ज्या डॉक्टरबाई मला ‘आमची स्मरणशक्ती’ म्हणायच्या त्या ‘हा डबा’ म्हणू लागल्या. मावशी तर कॉम्प्युटर अडला की त्याच्या बाजूला एक चापटी मारायच्या. मला वाईट वाटलं नाही. जुनं झालं की बाजूला व्हावं लागतं, त्यात रडण्यासारखं काय आहे? नवा कॉम्प्युटर आला, माझ्याकडचे सगळे कागद त्यात उतरवले गेले. डॉक्टरबाईंनी ठरवलं की जुना कॉम्प्युटर भाचीच्या शाळेला द्यायचा, मुलांना उपयोगी पडेल. आणि त्यांनी बजावून सांगितलं की आधी आतलं सगळं नीट पुसा, मगच तो या दाराबाहेर जाईल. इथवर सगळं चांगलंच होतं. माझा राग चांगल्या हेतूवर नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझा राग हेतूनंतर जे झालं नाही त्यावर आहे.

आता जरा नीट ऐका, कारण ही गोष्ट मोठ्यांनाही कळत नाही. तुम्ही कॉम्प्युटरवर एखादी गोष्ट काढून टाकता, टोपलीत टाकता, टोपली रिकामी करता आणि हात झटकता. तुम्हाला वाटतं गेली. ती कुठेही गेलेली नसते. पुस्तकाच्या सुरुवातीला अनुक्रमणिकेचं पान असतं ना? तुम्ही फक्त ते पान फाडलेलं असतं. धडे सगळे जागच्या जागी असतात. ज्याला वेळ आहे आणि चाळायची हौस आहे, त्याला ते सापडतात. खरं पुसायचं म्हणजे माझ्या प्रत्येक ओळीवर दुसरं काहीतरी लिहायचं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही न गाळता. त्याला वेळ लागतो. मला नऊ तास लागणार होते.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. माणूस हुशार, काम येणारा. संध्याकाळी पाच वाजता त्याने पुसायचं काम लावून दिलं, डॉक्टरबाईंना सांगितलं की सकाळपर्यंत याला हात लावू नका, आणि पडद्यावर एक चिठ्ठी चिकटवली, ‘बंद करू नये’. पडद्यावर. भिंतीवरच्या बटणावर नाही. मावशी तेव्हा आतल्या खोलीत कपाट आवरत होत्या, त्यांच्या कानावर यातलं काही गेलं नाही. मग त्याने बॅगेतून एक छापील कागद काढला आणि उद्याची तारीख घातली. ‘सदर डिस्क पूर्णपणे पुसली असून तिच्यावर कोणतीही माहिती शिल्लक नाही.’ खाली सही. उद्या त्याला दुसरीकडे जायचं होतं, परत फेरी कोण मारणार? त्याने सही केली म्हणून डॉक्टरबाईंनीही केली. माझ्या अंगावर अजून शंभरातल्या एका ओळीचंही काम झालं नव्हतं, आणि मी पूर्ण पुसली गेल्याची चिठ्ठी तयार होती. कुणी आंघोळीला जायच्या आधीच ‘न्हाऊन झालं’ म्हणून सही करतं का हो?

तरीही मी खूश होते. तुम्हाला नवल वाटेल, पण पुसलं जाणं मला आवडत होतं. पाटीवर ओला बोळा फिरावा तसा तो हात बाहेरच्या कडेपासून आत सरकत होता आणि मागे कोरी जागा राहत होती. इतक्या वर्षांची लोकांची रडणी, भीती, गुपितं एकेक करून अंगावरून उतरत होती. आधी कडेचे दाखले गेले. त्यातच बसताईचा ‘पूर्ण बरी’ गेला. जाऊ दे, म्हटलं, नव्या कॉम्प्युटरात आहे तो. आता तपासण्यांची पाळी येईल, मग मी हलकी.

साडेसहा वाजले. पडदा केव्हाच आपोआप काळा झाला होता. दिवे गेले, आणि चिठ्ठीही अंधारात गेली. मावशींचा हात भिंत चाचपत आला, आणि ‘टक्’.

सकाळी मावशींनी बटण लावलं तेव्हा पडद्यावरची चिठ्ठी त्यांना दिसली. चष्मा शोधून त्यांनी ती वाचली. मग त्यांनी भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं. पडद्यावर कसलासा इंग्रजी मजकूर आला होता, तो त्यांनी एक कळ दाबून घालवला. तेवढ्यात दुरुस्तीवाल्याचा फोन आला की झालं ना मावशी? मावशींनी इकडे तिकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “हो, झालं असेल.”

‘झालं असेल’ हे ‘झालं’ व्हायला किती वेळ लागतो? फोन खाली ठेवेपर्यंतचा.

दुपारी कॉम्प्युटर शाळेत गेला. शाळेत माझं कौतुक झालं. मुख्याध्यापिकाबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी सकाळच्या रांगांसमोर डॉक्टरबाईंचे आभार मानले, टाळ्या झाल्या. मला कॉम्प्युटरच्या खोलीत ठेवलं. त्याच खोलीत ग्रंथालयाची कपाटंही होती. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांनी माझ्यावर नवं सगळं बसवलं आणि ते सहामाहीच्या प्रश्नपत्रिका माझ्यावर तयार करू लागले.

आणि एक दिवस त्यांच्या हातून त्या प्रश्नपत्रिका उडाल्या. स्वतःच काढून टाकल्या आणि स्वतःच डोक्याला हात लावून बसले. मग त्यांनी काढून टाकलेलं परत शोधणारा एक प्रोग्रॅम चालवला. प्रश्नपत्रिका सापडल्या. पण त्यांच्याबरोबर आणखीही पुष्कळ काही वर आलं. वर दवाखान्याचं नाव, खाली माणसांची नावं.

इथे सरांनी काय करायला हवं होतं ते तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्याचं पत्र चुकून हातात आलं तर आपण घडी करून ज्याचं त्याला देतो. सरांनी चहा मागवला. तो पीत पीत ते वाचत बसले. एकेक पान, सावकाश. इतक्या वर्षांत मला कधी लाज वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली. खरं तर लाज त्यांना वाटायला हवी होती, पण त्यांच्याकडे ती शिल्लक नसावी. मग त्यांना एक ओळखीचं नाव दिसलं. ‘हात कापतात. वाहन चालवण्याची भीती वाटते.’ तारीख सहा वर्षांपूर्वीची होती. ती त्यांनी पाहिली, पण वाचली नाही. कागद छापला आणि मोठ्या बाईंकडे नेला. घाईत बटण दोनदा दाबलं गेलं होतं. दुसरा कागद त्या खोलीतल्या प्रिंटरच्या पोटातच मागे कुठेतरी सरकून राहिला, आणि प्रिंटर तसाच चालत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून बसताई बसवर नव्हती.

तिला कारण कुणी सांगितलं नाही. मोठ्या बाई म्हणाल्या की थोडे दिवस विश्रांती घ्या, काही नाही हो, असंच. सर म्हणाले की मला काही कल्पना नाही. पालक फाटकाशी आपसात बोलायचे आणि ती आली की हवापाण्यावर यायचे. तिला काम दिलं ग्रंथालयातल्या पुस्तकांना कागदी कव्हरं घालायचं. म्हणजे ती रोज माझ्याच खोलीत, माझ्यापासून चार हातांवर येऊन बसू लागली. सकाळी बसचा आवाज झाला की तिची कात्री थांबायची. नवा चालक दार उघडायची वाट बघत नसे. पहिलीतली एक चिमुरडी दोनदा बंद फाटकाशी उभी राहिली होती म्हणे. हे बसताईला मुलांनीच येऊन सांगितलं. त्या दिवशी तिने एकाच पुस्तकाला तीनदा कव्हर घातलं.

मग तिला आडून आडून कळलं की तिच्या आजारपणाचं शाळेत समजलंय. तिने तिथूनच मावशींना फोन लावला.

“तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं, मावशी? माझ्या नवऱ्यालासुद्धा मी सगळं सांगितलं नव्हतं. तू कुणाजवळ बोललीस?”

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. पण मावशींनी शपथा घेतल्या असणार, आणि त्या शपथा खऱ्याच होत्या. त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. जे केलं नाही त्याबद्दल त्या जीव तोडून सांगत होत्या, आणि जे केलं होतं ते त्यांना कुणी विचारतच नव्हतं. बसताई म्हणाली, “आई गेल्यावर मला तू होतीस. आता राहू दे,” आणि तिने फोन ठेवला. तीन आठवडे तिने तो परत उचलला नाही. मावशींचा फोन रोज यायचा. टेबलावर गुरगुरत राहायचा आणि थांबायचा.

मला हात नाहीत म्हणून बरं, मित्रांनो. असते तर मी तो कॉम्प्युटर फोडून बाहेर आले असते.

शेवटी तो प्रिंटर अडला. सर वैतागून निघून गेले, आणि बसताईने, जिने बसचं इंजिन कितीदा उघडून पाहिलं होतं, त्याचं झाकण उघडलं. आत चुरगळलेला एक कागद होता. तिने तो पुस्तकावर ठेवून तळहाताने सरळ केला. वर दवाखान्याचं नाव. खाली तिचं नाव. चार ओळी.

ती रडली नाही. तिने आपले दोन्ही हात समोर धरले आणि कापतात का ते पाहिलं. नव्हते कापत. मग तिने मावशींना फोन केला आणि सांगितलं, “तू बोलली नाहीस. हा कागद आहे. डॉक्टरबाईंना घेऊन ये.”

त्याच दिवशी चारच्या सुमाराला सगळे माझ्याभोवती जमले. डॉक्टरबाई, दुरुस्तीवाला, मोठ्या बाई, सर. बसताई कपाटाला टेकून उभी. मावशी दाराजवळच्या स्टुलावर, पर्स मांडीवर घट्ट धरून. तीन आठवड्यांत त्या वाळल्या होत्या.

डॉक्टरबाईंनी नव्या कॉम्प्युटरातून ‘पूर्ण बरी’चा दाखला छापून आणला होता. तो त्यांनी मोठ्या बाईंच्या पुढे ठेवला आणि सांगितलं की ही मुलगी पाच वर्षांपूर्वीच बरी झाली, आणि मुळात आजारी असताना किल्ली तिने स्वतः परत केली होती. अशी चालक तुम्हाला शोधून सापडणार नाही. मोठ्या बाईंनी दाखला वाचला. मग विचारलं की हे जुने कागद आमच्याकडे आले कसे? डॉक्टरबाईंनी पुसल्याची चिठ्ठी काढली. आमच्याकडून डिस्क पूर्ण पुसूनच आली आहे, म्हणाल्या, ही बघा सही. दुरुस्तीवाला म्हणाला की मी काम लावून दिलं होतं, सकाळी विचारूनही घेतलं. सर म्हणाले की मी फक्त प्रश्नपत्रिका शोधत होतो, बाकीचं आपोआप उघडलं. चहाचं ते काही बोलले नाहीत.

मग दुरुस्तीवाल्याने मान हलवत निकाल दिला. “डिस्कच खराब असणार. जुन्या डिस्कचा काही भरवसा नसतो.”

सगळ्यांना केवढं बरं वाटलं. माझ्याकडे बोट दाखवलं की कुणाकडेच दाखवायला नको. डॉक्टरबाई हो म्हणाल्या, सर तर दोनदा हो म्हणाले.

मी खराब? माझ्यात जे राहिलं ते अक्षरन् अक्षर शाबूत राहिलं, हाच माझा गुन्हा. मित्रांनो, विसरणं माझ्या हातात नाही. ते तुमच्या हातात आहे. तुम्ही माझ्याकडे तुमची पत्रं देता, फोटो देता, जे कुणाला दाखवणार नाही तेही देता, आणि जुनी झाले की एक बटण दाबून मला दुसऱ्याच्या दारात सोडता. पुसायचं असेल तर पूर्ण पुसा. वेळ लागेल तेवढा द्या. झाल्यावर उघडून बघा की खरंच काही उरलं नाही ना. ज्याला येतं त्याला बोलवा, पण काम व्हायच्या आधी सही करू नका. आणि मधेच काही चुकलं तर त्याच सकाळी सांगा. त्या सकाळी सांगितलं असतं तर फक्त एक दिवस वाया गेला असता. पुसायचं ते राहिलं आणि राहायचं ते पुसलं गेलं, आणि तुम्ही मला खराब म्हणता.

पण माझं ऐकतंय कोण. दुरुस्तीवाल्याने मला परत पुसायला लावलं. या वेळी सगळ्यांच्या समोर. हात सरकू लागला. मोठ्या बाई मात्र हातातले दोन कागद पुन्हा पुन्हा बघत होत्या. बाई कडक, पण डोक्याने साफ. त्या म्हणाल्या, “डॉक्टरबाई, या चिठ्ठीवर तुमची सही आहे आणि दाखल्यावरही तुमचीच सही आहे. चिठ्ठी म्हणते काही शिल्लक नाही, आणि मी ते शिल्लक वाचून बसले. यंत्र खराब होतं म्हणून मी पालकांना काय सांगू? तुमची एक सही खोटी निघाली, तर दुसरीच्या भरवशावर मी चाळीस मुलं कशी बसवू?”

डॉक्टरबाईंचा चेहरा लाल झाला. चिठ्ठी खरीच आहे, एवढंच त्या परत म्हणाल्या. बसताईने दाखला टेबलावरून उचलला, नीट घडी केली आणि खिशात ठेवला. मग ती कव्हरांच्या ढिगापाशी जाऊन बसली आणि तिने कात्री हातात घेतली. माझं पुसलं जाणं चालूच होतं.

शाळा सुटल्याची घंटा झाली. खाली बस सुरू झाली. शाळेचे शिपाईकाका किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात आले. त्यांना इतकी मंडळी पाहून नवल वाटलं, पण रोजच्या सवयीने त्यांचा हात दारामागच्या मोठ्या बटणाकडे गेला.

“थांबा. त्याला हात लावू नका.”

मावशी उठून उभ्या राहिल्या होत्या. पर्स खाली पडली होती, चष्मा दोरीला लोंबत होता. त्यांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं नाही, मोठ्या बाईंकडेही नाही. कात्री धरून बसलेल्या भाचीकडे पाहिलं.

“डिस्क चांगली आहे. त्या दिवशीसुद्धा हे असंच चालू होतं. बटण मी बंद केलं, पोरी. आणि सकाळी मला ते कळलं होतं.”